दहावा हिस्सा

१

दोन हजार चोवीस साल. डिसेंबरची दोन तारीख, सोमवार. आदल्या दिवशी अमावास्या सरली होती आणि मार्गशीर्ष लागला होता. थंडी नुकती धरली होती, उसाच्या तोडी चालू होत्या. त्या दिवशी सकाळी दहा वाजता राजेश्वरी बारामतीहून गाडी घेऊन कळंबला माझ्या दारात आली. गाडीत नऊ डबे होते आणि प्रत्येक डब्यात सापाचं एक पिल्लू होतं.

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढं आयुष्यभर मेंढरं. त्यामुळं जे झालं तेवढंच लिहितो. का झालं ते मला माहीत नाही आणि माहीत असल्याचा आव आणणार नाही.

राजेश्वरी आमच्या शेजारच्या मोहनरावांची मुलगी. पाच वर्षांपूर्वी उसाच्या ट्रॉलीनं मला रस्त्यात उडवलं आणि खुब्याचं हाड मोडलं. मी बारामतीच्या दवाखान्यात पडलो. मुलगा राम तेव्हा कारखान्यात नवीन लागला होता, सून स्वराली घरात येऊन महिना झाला होता. साठ मेंढरं जाळीच्या वाड्यात उभी होती आणि त्यांना चारणारं कुणी नव्हतं. राजेश्वरी जनावरांच्या डॉक्टरकीचं शिकत होती, सुट्टीला आली होती. कुणी न सांगता तिनं काठी उचलली. चाळीस दिवस माझी मेंढरं राखली. मी काठी टेकत परत आलो तेव्हा साठची साठ होती, आणि आईनं टाकलेलं एक कोकरू तिनं बाटलीवर जगवलं होतं. तोच आता माझा माणक्या, कळपातला मेंढा.

तिनं काही घेतलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "राहू द्या आबा. कधी माझ्यावर वेळ आली तर तुमी बघा."

मी कुणाचं ठेवून घेत नाही. पाच वर्षं ते माझ्या डोक्यावर होतं.

आता तिला बारामतीत नोकरी आहे. परदेशी जातीचे साप पाळते, सरकारी कागद करून. नोकरीच्या कामानं तिला हैदराबादला जायचं होतं आणि पिल्लं ठेवायला कुणी तयार नव्हतं. घरमालकानं तर नाव काढलं की दार लावलं.

"दीड महिना लागंल आबा," ती म्हणाली.

"चाळीस दिवस," मी म्हणालो. "एक कमी न्हाय, एक जास्त न्हाय. नऊ देतीस, नऊ घेऊन जा. जित्ती."

स्वराली दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "आबा, ह्यांना चरायला कुठल्या रानात न्यायचं? कुत्रं संगं देऊ का?"

मी तिच्याकडं बघितलं. ती आत गेली, पण हसू ऐकू आलं.

२

घराच्या मागं धान्याची खोली आहे. आता तिच्यात धान्य नसतं. खाली शहाबादी फरशी, वर पत्रा, खिडकी नाही, भिंतीत वर एक झरोका. दार जुन्या फळ्यांचं, बाहेरून कडी. राजेश्वरीनं तिथं लोखंडी मांडणी उभी केली, फळ्यांवर विजेवर तापणाऱ्या पट्ट्या टाकल्या आणि त्यांवर डबे ठेवले. डबे चपलांच्या खोक्याएवढे, वर झाकण, बाजूंना हवेची भोकं, एक ते नऊ आकडे. आत कागद, पाण्याची वाटी आणि लपायला उलटं ठेवलेलं मातीचं बोळकं. थंडीतही त्या खोलीत उबारा झाला.

अंगठ्याएवढी जाड पिल्लं. काळी, वर पिवळसर ठिपके. हातात घेतली की गोळा होऊन डोकं मधे लपवायची. भिण्यासारखं काही नव्हतं.

"दोनच गोष्टी ध्यानात ठेवा आबा," ती म्हणाली. "घास केवढा आन किती दिवसांनी. पिल्लाचं अंग मधे जिथं सगळ्यात जाड हाय, तेवढाच जाड उंदीर. त्याहून मोठा द्यायचा न्हाय, उलटून टाकतंय. न्हायतर वजन करायचं आन वजनाचा दहावा हिस्सा द्यायचा. दोन्ही हिशेब एकाच जागी येत्यात."

"आन दिवस?"

"ह्यांना सात दिवसांनी. वाढलं की घास मोठा करायचा आन दिवस लांबवायचे. मधल्या अंगाचं झालं की दहा. पुरं वाढलं की बारा ते पंधरा."

"म्हंजी जेवढं मोठं तेवढं कमी वेळा."

"व्हय. मोठ्याला दम असतो."

उंदीर तिनं गोठवलेले आणले होते, मापामापानं पिशव्यांत बांधून. स्वरालीनं फ्रिजच्या वरच्या कप्प्यातून आपलं सगळं बाहेर काढलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

"एखाद्यानं न्हाय खाल्लं तर?"

"उंदीर उचलून टाकून द्यायचा. पुढच्या खेपंपर्यंत काय द्यायचं न्हाय. मागं लागायचं न्हाय. महिनाभर न खाता राहत्यात."

हे मला पटलं नाही. पिल्लू उपाशी आहे आणि आपण आठवडाभर गप बसायचं, ही राखण आमच्यात नाही. पण जनावर तिचं होतं. मी मान हलवली.

मग तिनं छोटा काटा काढला. मी म्हणालो, आधी मला हातात दे.

इथं एक सांगायला पाहिजे. मेंढराच्या छातीखाली एक हात आणि जांघेत एक हात घालून उचललं की मला वजन कळतं. बारामतीच्या बाजारात व्यापारी मला बोलवायचे. मी सांगायचो आणि मग काटा करायचे. अर्ध्या किलोच्या वर कधी फरक पडला नाही. जनावराचं पोट भरलेलं आहे की रिकामं, तेही हाताला कळतं. रिकामं पोट उचलताना लोंबतं, त्याचं वजन मागं राहतं. मला दुसरी विद्या नाही. हीच आहे.

नऊही हातात घेतली. एकेकाचं सांगत गेलो. चौथ्याला म्हणालो, "पासष्ट-सत्तर ग्रॅम."

काट्यावर सदुसष्ट भरलं.

"आबा, काटा कशाला आणला मी?" ती म्हणाली.

३

पहिल्या गुरुवारी उंदीर कोमट पाण्यात टाकले, मऊ झाल्यावर चिमट्यात धरून एकेकाच्या पुढं केले. आठ पिल्लांनी झडप घातली. चौथ्यानं तोंड फिरवलं. तास दोन तास वाट बघितली. डब्यात ठेवून बघितला. संध्याकाळी उंदीर होता तसा होता. उचलून टाकून दिला.

दुसऱ्या गुरुवारी, बारा तारखेला, परत तेच. आठांनी खाल्लं, चौथ्यानं नाही.

मी त्याला बाहेर घेतलं. उपाशी जनावर हाताला कळतं म्हणून घेतलं. आणि हात खाली गेला.

दीड किलो. जुळ्यातलं एक कोकरू पहिल्या दिवशी जेवढं असतं तेवढं.

मी बघितलं. अंगठ्याएवढं जाड पिल्लू, वीतभर वळसा, डोकं आत लपवलेलं. काट्यावर ठेवलं. सदुसष्ट ग्रॅम. हातात घेतलं. दीड किलो.

काटा बिघडला असंल म्हणून चहाचा शंभर ग्रॅमचा पुडा आणून ठेवला. कागदासकट एकशे दोन भरला. काटा नीट होता. स्वरालीला हाक मारली.

"हे धर."

"मी न्हाय धरणार."

"हातावर ठिवतोय. चावत न्हाय."

तोंड वाकडं करून तिनं हात पुढं केला. "हं. धरलं."

"जड हाय का?"

"जड? कागदागत हाय. आबा, तुमाला बरं वाटत न्हाय का?"

मी पिल्लू डब्यात ठेवलं आणि झाकण लावलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाला होता, म्हातारपणी नसा दबतात, हाताला मुंग्या येतात, अंदाज चुकतो. तसं असंल. बाकीची आठ पिल्लं एकेक करून उचलली. प्रत्येकाचं काट्याशी जुळलं.

४

दुसऱ्या दिवशी दोन मेंढ्या आणि माणक्या अशा तिघांना घेऊन दीपकच्या खताच्या दुकानात गेलो. तिथं मोठा काटा आहे.

"आबा, मेंढरांवर खत मारायचं का?" दीपक म्हणाला.

"गप. ह्या मेंढीचं अट्ठावीस हाय. ठेव काट्यावर."

सव्वाअट्ठावीस भरली. दुसरी एकतीस सांगितली, एकतीस भरली. माणक्याचं बेचाळीस सांगितलं. तो दीपकच्या काट्यावर उभा राहायला तयार नव्हता, मी कानाला धरून उभा केला. बेचाळीस आणि वर शंभर ग्रॅम.

म्हणजे हातही नीट होता.

घरी आलो आणि ओट्यावर बसून विचार केला. काटा खोटं बोलत नाही. हात खोटं बोलत नाही. दोघांनी एकाच जनावराची दोन वजनं सांगितली. शिकलेला माणूस असता तर काहीतरी म्हणाला असता. मला एवढंच वाटलं, की काटा जे बघतोय ते वेगळं आहे आणि माझा हात जे उचलतोय ते वेगळं.

आणखी दोन गोष्टी तेव्हा ध्यानात आल्या. त्या खोलीच्या पत्र्याखाली वर्षानुवर्षं उंदरांची धावपळ असायची. दुपारी ओट्यावर आडवं झालं की ऐकू यायची. आता येत नव्हती. सापांचा वास लागला असंल, पळाले असतील. तेवढं समजण्यासारखं होतं. दुसरी गोष्ट माणक्याची. रोज संध्याकाळी तो त्या खोलीच्या भिंतीला अंग घासत जाळीकडं जायचा. आता तो अंगणातल्या चिंचेला वळसा घालून जायला लागला. मेंढ्या त्याच्या मागून.

राजेश्वरीचा फोन आला.

"चार नंबरनं खाल्लं का आबा?"

"न्हाय."

"वजन उतरलं का?"

"काट्यावर सदुसष्टच हाय."

"मग काळजी करू नका. जगतंय ते. पुढच्या गुरुवारी द्या."

"जगलं पायजे," मी म्हणालो.

५

एकोणीस तारखेचा गुरुवार. आठांनी खाल्लं. चौथ्यानं नाही.

हातात घेतलं. आता अडीच किलो. आणि पोट रिकामं. ते मागं लोंबत होतं. वीतभर वळशाला लोंबायला पोट कुठलं, पण माझ्या मनगटाला ते लोंबणं कळत होतं. एखादं कोकरू आई मेल्यावर चौथ्या दिवशी असतं तसं.

अठरा दिवस झाले होते. बावीस राहिले होते. महिनाभर न खाता राहतं असं ती म्हणाली होती, पण ते सदुसष्ट ग्रॅमाचं. अडीच किलोचं किती दिवस राहतं, ते तिला माहीत नव्हतं. मेलं तर मी आठ परत करणार होतो. आठ परत करणं म्हणजे काहीच परत न करणं.

तिनं दोन हिशेब सांगितले होते, एक जाडीचा आणि एक वजनाचा. ती म्हणाली होती, दोन्ही एकाच जागी येतात. इथं येत नव्हते. जाडीच्या हिशेबानं बोटाएवढा उंदीर येत होता आणि तो त्याला नको होता. मी वजनाचा धरला. वजन काट्याचं नाही, हाताचं धरलं. अडीच किलोचा दहावा हिस्सा म्हणजे पाव किलो.

गोठ्यामागं पिंजरा लावलेला असतो. त्यात सकाळीच एक घूस सापडली होती. तिला मारलं, उचलून बघितलं. पावशेरापेक्षा थोडी वर. त्या पिल्लाच्या तिप्पट जाड होती. डब्यात ठेवली तर डबा अर्धा भरला. पिल्लू कोपऱ्यात बोळक्याच्या आत होतं. झाकण लावलं, कडी घातली.

दिवस मावळायच्या आत जाऊन बघितलं.

डब्यात घूस नव्हती. कागद कोरडा होता. रक्त नाही, केस नाही. झाकणाच्या खिट्ट्या मी लावल्या तशा होत्या. पिल्लू बोळक्याच्या बाहेर, डोकं उचलून माझ्याकडं बघत होतं. पोटाला फुगवटा नव्हता. खाल्लेल्या बाकी आठांना होता.

घास नुकता गेलेला, म्हणून त्याला हात लावायचा नाही असं ठरवलं. लावला नाही.

मला बरं वाटलं, हेही लिहितो. उपाशी पिल्लानं तोंड लावलं की राखणाऱ्याला बरं वाटतं. त्या संध्याकाळी मी दोन भाकरी खाल्ल्या.

६

पुढच्या सहा दिवसांत मांडणीची तिसरी फळी दोन बोटं वाकली. चौथा डबा त्या फळीवर होता. फळी लोखंडी पत्र्याची, जुनी, वाकू शकते. तरी मी तो डबा खाली फरशीवर घ्यायचं ठरवलं. झाकण, वाटी, बोळकं, सगळं धरून डब्याला दोन हात लावले आणि पोटाशी धरून उतरवला. सोळा किलो. चार महिन्यांचं कोकरू.

काट्यावर परत ठेवलं नाही. काटा काय सांगणार ते ठाऊक होतं.

सोळा किलो म्हणजे मधलं अंग. मधल्या अंगाला दहा दिवस. एकोणीसनंतर दहा दिवस म्हणजे एकोणतीस तारीख. घास दीड किलोच्या वर.

एकोणतीसला पहाटे एक मेंढी व्याली. कोकरू मेलेलं आलं. मी उचललं. सोळाशे ग्रॅम. असं नेमकं कसं आलं याचा मी विचार केला नाही. आता करतो.

कोकरू डब्यात मावणारं नव्हतं. म्हणून झाकण काढून ठेवायचं होतं. पण मला आधी एक बघायचं होतं. त्या खोलीला पाणी जायचं एक भोक आहे. मांजर, मुंगूस, काहीही आत येऊन खाऊन जात असंल आणि मी म्हातारा उगीच भलतं समजत असंल. रानात लांडगा येऊन गेला का हे बघायला आम्ही जाळीभोवती राख पसरतो. सकाळी राखेत पाय उमटलेले असतात. पायावरून कळतं कोण आलं, कुठून आलं, किती मोठं.

चुलीची दोन पाट्या राख आणली. भिंतीपासून भिंतीपर्यंत बोटभर पसरली. कोकरू खोलीच्या मधोमध ठेवलं. चौथ्या डब्याचं झाकण काढलं. मागं सरकत, माझी पावलं बुजवत दारापर्यंत आलो. कडी घातली. तेव्हा ऊन अंगणाच्या मधोमध होतं.

ओट्यावर बसून राहिलो. आवाज काही आला नाही. एकदा मांडणीवरचे डबे किणकिणल्यासारखे वाटले, रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गेला की वाजतात तसे. रस्त्यानं काही गेलं नव्हतं.

ऊन चिंचेच्या बुंध्याला आल्यावर दार उघडलं.

कोकरू नव्हतं. पिल्लू आपल्या डब्यात, वळसा घालून, अंगठ्याएवढं.

मी राखेत वाट शोधली. डब्यापासून कोकरापर्यंत एक नागमोडी रेघ असायला हवी होती. बोटभर रुंद. किंवा मुंगसाची पावलं.

वाट नव्हती. राख दाबली गेली होती. सगळी. भिंतीपासून भिंतीपर्यंत, सारवल्यासारखी, एकसारखी, फरशीला चिकटून बसलेली. कुठंही मोकळी राख राहिली नव्हती. मी वाकून बघितलं, मग भिंतीकडं बघितलं. तिन्ही भिंतींना माझ्या गुडघ्याच्या वर, मांडीपर्यंत, राख घासून लागली होती. चौथ्या भिंतीला दार होतं. दाराला आतून लागली होती.

दार मी आतून चाचपलं आणि बाहेर आलो.

७

दुसऱ्या दिवशी राख झाडून काढली. झाडताना चौथा डबा थोडा सरकवावा म्हणून एका हातानं ढकलला. तो हलला नाही. दोन हातांनी ढकलला. खाली बसून खांदा लावला. आयुष्यात मी पोती पाठीवर वाहिलीत, ट्रॉलीच्या चाकाला खांदा दिलाय. बैल चिखलात बसला की खांदा लावून उठवावा लागतो. बैलाची इच्छा नसली तर तो हलत नाही, आणि खांद्याला नुसतं वजन लागतं, जिवंत, गरम. तसं लागलं. चपलांच्या खोक्याएवढा डबा. त्याच्याखालची फरशी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडकली होती.

चांगला बैल चार क्विंटलचा असतो. चार क्विंटलचा दहावा हिस्सा चाळीस किलो.

पुरं वाढलं की बारा ते पंधरा दिवस, ती म्हणाली होती. एकोणतीसनंतर बारा दिवस म्हणजे दहा जानेवारी. तो चाळिसावा दिवस. त्या दिवशी दुपारी राजेश्वरी येणार होती.

फावडं दाराला टेकून उभं होतं. मी ते बघितलं नाही असं म्हणणार नाही. अंगठ्याएवढं पिल्लू, एक घाव. पण ते माझं नव्हतं. नऊ जिवंत, असं मी बोललो होतो. शिवाय घाव कशावर बसला असता, तेही मला सांगता येत नव्हतं.

मग मी घरातली वजनं मनात मांडली. मेंढ्या तीसच्या आतबाहेर. राम सत्तरच्या वर. माझं अंग छप्पन्न. माणक्या बेचाळीस. स्वराली अंगानं बारीक आहे. तिला मी कधी उचललं नाही, पण डोळ्यालाही अंदाज असतो. चव्वेचाळीस.

रोज वाट्यांतलं पाणी बदलायला तीच जात होती, मला रोज वाकवत नाही म्हणून. त्या दिवसापासून खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला बांधली.

"हे काय आता?" ती म्हणाली.

"आजपासनं त्या खोलीत जायचं न्हाय."

"म्हंजी मी काय चोरी करतीय का सापांची? पाणी कोण बदलणार?"

"मी."

"वाकून? मग उठवायला मलाच हाक माराल."

"न्हाय मारणार. कायबी आवाज आला, माझी हाक आली, तरी त्या दाराकडं यायचं न्हाय. कळलं?"

ती हसायला लागली आणि माझं तोंड बघून थांबली. "आबा, खरंच काय झालंय?"

"चाळीस दिवस व्हऊ दे."

त्या रात्री तिनं रामला काहीतरी सांगितलं असणार. सकाळी राम म्हणाला, "आबा, डॉक्टरला दाखवून येऊ एकदा."

"दहा तारखेनंतर," मी म्हणालो. "मग कुठंबी ने."

पुढचे दोन गुरुवार आठ पिल्लांना वेळेवर घास दिला. ती वाढत होती. चौथ्या डब्याच्या वाटीत पाणी घातलं. पिल्लू प्रत्येक वेळी डोकं उचलून बघायचं. आधी माझ्या हाताकडं बघायचं. आठ-नऊ तारखेला माझ्या मागं, उघड्या दाराकडं बघायला लागलं.

८

दहा जानेवारी, शुक्रवार. राम पहाटे कामावर गेला. स्वरालीला सकाळीच माहेरी धाडलं, पिंपळीला, आईला भेटून ये म्हणून. ती कारण विचारत होती, मी एसटीत बसवून आलो.

दुसऱ्याचं जनावर परत करताना भुकेलं करायचं नाही, असं आमच्यात आहे. राखलेलं जनावर भरल्या पोटी दावणीला जातं. राजेश्वरी एकटी गाडीत बसून त्याला नेणार होती. तिचं अंग मी डोळ्यानं मापलं होतं.

माणक्याच्या गळ्यावर हात ठेवला आणि निघालो. महिनाभर तो त्या भिंतीजवळ आला नव्हता. मला वाटलं ओढावा लागेल. नाही लागला. मी बरोबर होतो म्हणून आला. उंबऱ्याशी एकदा थांबला, माझ्या हाताला नाक लावलं आणि आत गेला. मांडणी मी आधीच बाहेर काढली होती, आठ डबे ओट्यावर उन्हाला ठेवले होते. आत फरशीवर एकच डबा होता, झाकण नसलेला.

कडी घातली. दाराला पाठ लावून पायरीवर बसलो. राखणाऱ्यानं उठून जाऊ नये.

फरशीवर खुरं वाजली. चार-पाच वेळा. मग वाजली नाहीत.

थोड्या वेळानं दार माझ्या पाठीला लागलं. ढकललं नाही, धडक नाही. पोत्यात धान्य भरत जावं आणि पोतं फुगत यावं तसं, खालपासून माझ्या खांद्यापर्यंत, सगळ्या फळ्या एकदम, सावकाश बाहेर आल्या. कडी ताणली. पाठीला ऊब लागली. मी पाय रोवून बसलो. एक श्वास घ्यायला लागतो तेवढा वेळ ते तसं राहिलं. मग फळ्या आत गेल्या, आणि परत बाहेर आल्या, आणि आत गेल्या. मी मोजले नाहीत. शेवटी दार सरळ झालं.

ऊन पायरीवरून उतरल्यावर उघडलं. पिल्लू डब्यात होतं, वळसा घालून, डोकं आत लपवून. पहिल्या दिवशी होतं तसं. मी झाकण लावलं. हलवून बघितलं नाही.

राजेश्वरी दीड वाजता आली. ओट्यावरचे आठ डबे बघून खूश झाली. काटा काढून एकेकाचं वजन करत गेली. "आबा, ही पोरं तर पैलवान केली तुमी."

"चौथं आत हाय."

ती आत गेली. मी दारात उभा राहिलो. तिनं वाकून एका हातानं डबा उचलला आणि बाहेर आणला. एका हातानं. काट्यावर ठेवलं.

"सदुसष्ट. ह्यानं एक ग्रॅमबी हलवला न्हाय. खाल्लं का कधी?"

"तीनदा. आज सकाळी तिसरं."

"पोट तर दिसत न्हाय."

"न्हाय दिसत."

तिनं अंगणात नजर फिरवली. "माणक्या कुठाय?"

"न्हाय."

"विकला?"

"न्हाय."

बाटलीनं दूध पाजलेलं जनावर होतं तिचं. पण तिसऱ्यांदा विचारलं नाही. डबे गाडीत ठेवायला लागली.

"हा चौथा हितंच ठेव," मी म्हणालो.

"का?"

"ठेव म्हणतोय."

"आबा, मग मी नऊ दिले आन आठ घेतले असं व्हईल. तुमीच म्हणाला होता, नऊ घेऊन जा." ती हसली. "तुमचं तुमाला चालंल का?"

पाच वर्षं ते माझ्या डोक्यावर होतं. मी डब्यावर हात ठेवला होता. तो काढला.

"मोठ्याला पंधरा दिवस," मी म्हणालो. "ह्याला पंधराच्या आत द्यावं लागणार न्हाय. पण पंधराव्याला चुकवू नको. आन त्या दिवशी घरात एकटी थांबू नको."

"आन घास केवढा?"

"तिथं मला बोलाव. मी हातानं सांगतो."

"बोलावते की," ती म्हणाली. हसतच म्हणाली.

चौथा डबा तिनं पुढच्या सीटवर ठेवला, आपल्या शेजारी, आणि पट्टा लावला. मागं वळून परत एकदा मोजले. आठ मागं, एक पुढं. नऊ.

"फिटलं आबा," ती म्हणाली.

"फिटलं."